कोरियनची पहिली

आमच्या कोरियनच्या गुरुजींना कोरियन येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला ते कळायला फार उशीर लागला आणि तेवढा ताप दुसऱ्या कुणाला होऊ नये. त्यांना कोरियन वाचता यायचं. लिहिता यायचं, तेही असं की बोर्डाकडे बघत राहावं. पण वाचलेल्याचा अर्थ विचारला की ते चष्मा काढून धोतरासारख्या मोठ्या रुमालाने पुसायला लागायचे. "वाचणं आपल्याकडे. अर्थ ज्याचा त्याने बघावा," असं म्हणायचे आणि पुढची ओळ सुरू करायचे. आता अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

क्लास भिवंडीत कामतघरला होता, त्यांच्या पुतण्याच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, वरच्या खोलीत. दर रविवारी सकाळी. खाली लूमची खडखड आणि वर आम्ही, चटईवर, मांडीवर दगडी पाटी घेऊन. हो, पाटी. त्यांची मराठी शाळा बंद झाली तेव्हा गुरुजींनी वर्गातल्या पाट्या भंगारवाल्याच्या हातातून ओढून आणल्या होत्या. कॉलेजच्या पोरी मोबाइलवर टिपून घ्यायला लागल्या की ते मोबाइल गोळा करून खिडकीत ओळीने पालथे ठेवायचे. थुंकी लावून पाटी पुसली तर उभं करायचे. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता, आणि मी, त्याची आई, भर रविवारी पाटी पुसायच्या ओल्या फडक्यावरून चटईवरच्या शेजारणीशी भांडत होते.

नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, किंवा ठेवायचीच नसतील. जी जिथे बसेल ते तिचं नाव. एक पोरगी 'दार' होती, एक 'खांब', एक 'पंखा'. मी खिडकीपाशी बसायचे म्हणून मी 'खिडकी'. "खिडकी, दांडी सरळ काढ!" खालच्या आवाजावर मात करायची म्हणून हे सगळं ओरडूनच चालायचं. रस्त्यात भेटले तरी तेच. एकदा भाजी मंडईत मागून "खिडकीऽऽ" अशी हाक आली आणि वांगी निवडणाऱ्या पाच-सहा बायकांनी वर बघितलं.

मी तिथे गेले कशी, ते सांगते. मी कोन गावाजवळच्या एका गोदामात पॅकिंगला होते, ठेकेदाराकडून. ठेकेदाराच्या माणसाला ठरावीक महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. म्हणजे घरी बसायचं, मग पुन्हा नव्याने लागायचं, पुन्हा पहिल्यापासून. किती वर्षं काम केलं याला काही अर्थच नाही. आमच्या गोदामात कोरियाचा माल यायला लागला, क्रीम, शांपू, तोंडावर चिकटवायचे ते ओले कागद, आणि एक दिवस मॅनेजर साहेब म्हणाले, "इनवर्डला, आलेला माल लावून घ्यायला, कोरियन येणारं एक माणूस पाहिजे. कायम करायचंय. दिवाळीनंतर परीक्षा घेऊन बघू कोण तयार होतं ते." कायम हा शब्द ऐकला आणि मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. ठाण्याला कोरियनचे चांगले क्लास होते, पण ड्युटी सांभाळून ठाणं गाठणं जमणारं नव्हतं. कामतघरला बोर्ड दिसला: 'कोरियन अक्षरओळख. पहिलीचा वर्ग.' मला वाटलं पहिली म्हणजे सुरुवात, पुढे दुसरी असेल, तिसरी असेल. असणारच ना?

घरी सांगितलं तर नवरा जेवता जेवता थांबला. तो लूमवर फिटर आहे, दिवसभर कानठळ्या बसलेला माणूस, एरवी निम्मं ऐकतही नाही. हे बरोबर ऐकलं.

"तो गुरुजी? आमाला पयलीला त्यानंच शिकवलाय. आजून शिकवतंय तो?"

"कोरियन शिकवतात आता."

"कायपन शिकवल. पन पयलीच शिकवल तो. दुसरी न्हाय शिकवाचा." मग भाकरी तशीच हातात ठेवून तो म्हणाला, "निकाल लागला का एकेकाचा हात धरून दुसरीच्या दारापरत नेयाचा. दारान हात सोरला का मागं वलून बगाचा न्हाय. मी लय रडलेलो."

नवऱ्याला मी कधी रडताना बघितलेलं नाही, सासऱ्यांच्या वेळीही नाही. म्हणून हे माझ्या लक्षात राहिलं, नाहीतर सोडून दिलं असतं.

गुरुजींनी खरंच जन्मभर पहिलीचाच वर्ग घेतला होता. हेडमास्तर करत होते तर नको म्हणाले. दुसरी दिली तर रजेवर गेले. त्यांना म्हणे मूल अक्षर ओळखतं तो क्षण बघायचा असायचा, आणि तो एकदाच येतो, पुढे नुसता अभ्यास. पुढे मराठी शाळेत मुलं येईनाशी झाली. शेवटी त्यांच्या वर्गात एकच पोरगा उरला होता आणि ते त्या एकट्याची हजेरी रोज उभं राहून घ्यायचे. दिवाळीनंतर तोही इंग्रजी शाळेत गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी खालच्या लूमवरच्या कामगारांना शिकवायचा घाट घातला, पण ती माणसं बारा-बारा तासांच्या पाळीवरून यायची आणि पाटीवर डोकं ठेवून झोपायची. गुरुजी त्यांना उठवायचे नाहीत. हे मला त्यांच्या पुतण्याने सांगितलं. आम्हाला साधी जांभई आली तरी खडू फेकून मारायचे, तेव्हा मला ते खरं वाटलं नाही.

कोरियनचं खूळ शिरलं ते 'ङ'मुळे. पुतण्याने एक जुनं कोरियन मशीन आणलं, त्याच्या बटणांवर ती अक्षरं. एका पुतणीला मालिका बघून बघून थोडंफार यायचं. तिने सांगितलं, हा गोल आहे ना, हा अक्षराच्या आधी आला तर गप्प असतो, आणि खाली बसला की 'ङ' म्हणतो. झालं. पहिलीच्या तक्त्यावर ग गणपतीचा, घ घराचा, आणि ङच्या चौकोनात चित्रच नसतं. सगळा जन्म त्यांनी त्या रिकाम्या चौकोनावर पट्टी टेकवून 'ङ' म्हणवून घेतलं होतं आणि पोरं विचारायची, गुरुजी, ङ कशाचा? "एका वाङ्मयापुरता होता बिचारा आपल्याकडे," ते आम्हाला सांगायचे, "तिकडे बघा, भरपूर काम आहे त्याला!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू घरातला बेकार मुलगा परदेशात नोकरीला लागलाय.

बरं, शिकवायची पद्धत म्हणाल तर बाराखडी. कोरियन अक्षरांचीही तशीच ओळ लागते हे त्यांना कळलं मात्र, त्यांनी तिला पहिलीच्या बाराखडीची चाल लावली. "गाऽ ग्याऽ, गॉऽ ग्यॉऽ, गोऽ ग्योऽ, गूऽ ग्यूऽ..." डुलत. सगळ्यांनी. लूमच्या वर आवाज जायला हवा म्हणून बेंबीच्या देठापासून. आणि भिवंडीत लाईट कधी जाईल याचा नेम नाही. लाईट गेली की सगळ्या गल्लीचे लूम एका दमात थांबायचे, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत आमचं एकट्यांचं "नोऽ न्योऽ" रस्ताभर ऐकू जायचं. समोरचा चहावाला हात जोडायचा. गुरुजी मात्र खूश व्हायचे. "बघा, आता किती छान ऐकू येतंय!"

याचा परिणाम काय झाला ते मला गोदामात कळलं. खोक्यावरचं अक्षर दिसलं की ते थेट ओळखूच यायचं नाही. आधी ओळ सुरुवातीपासून म्हणावी लागायची, तीही चालीवर, तेव्हा कुठे त्या अक्षराचं घर यायचं. पॅकिंगच्या बायका म्हणायच्या, हिला काहीतरी बाधलंय.

कॉलेजच्या पोरींचं आणि त्यांचं तर जमणारच नव्हतं. त्या मालिका बघून यायच्या, त्यांना नमस्कार, धन्यवाद, माझं तुझ्यावर प्रेम आहे, सगळं यायचं. 'पंखा'ने एकदा तोंडभर हसून कोरियन नमस्कार घातला. गुरुजींनी बोर्डाकडे बोट केलं, "वाच हा." तिला वाचता येईना. "वाचायच्या आधीच बोलतेस? बाहेर उभी राहा." ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, पायरीवर जाऊन उभी राहिली, मग तिथूनच घरी गेली. अशा एकेक करून गेल्या. दार गेलं, खांब गेला. पावसाळा संपता संपता आम्ही तिघी उरलो. मी उरले कारण मला जायला दुसरी जागा नव्हती.

आणि सगळ्यात डोकं उठवणारी गोष्ट तर पुढेच आहे. आम्हाला जरा छापल्यासारखं लिहिलेलं वाचता यायला लागलं, मला वाटलं आता शब्द शिकवतील, निदान 'वर', 'खाली', 'फुटेल' एवढं तरी. तर यांनी नवीनच काढलं. पाट्यांची अदलाबदल करायची आणि दुसरीचं गिचमिड अक्षर मोठ्याने वाचायचं. ते कमी पडलं म्हणून स्वतः बोर्डावर डाव्या हाताने लिहायचे. "हा घाईतला माणूस." मग खडू आडवा धरून, "हा झोपेतला." मग चौकोनाचे कोपरे इतके झिजवायचे की तो गोल दिसावा, "आणि हा डॉक्टर. वाचा!"

माझा संयम सुटला. "गुरुजी, आमचं सरळ वाचायचं नीट होईना आणि तुम्ही वाकडं कशाला घालताय? मला दिवाळीनंतर परीक्षा आहे. मला शब्द पाहिजेत."

"छापलेलं ते तुमचं गोदामातलं मशीन वाचतंच की."

"मला कायम व्हायचंय हो गुरुजी! खेळ नाही हा माझा!"

एरवी शुद्ध बोलणारे गुरुजी चिडले की गावच्या बोलीवर यायचे. "मंग डोले कुठं ठेवलंस गो? हा गोल हाय का चौकोन? हां? चौकोन हाय तो, कोपऱ्यावर हात उचललाय त्यानं. त्याचा हात बग!" खडूचा तुकडा माझ्या पाटीवर येऊन आदळला. मी त्या दिवशी जिना उतरताना ठरवलं की पुन्हा यायचं नाही. पुढच्या रविवारी गेले, कारण शनिवारी ठेकेदाराने माझ्या पुढच्या ब्रेकची तारीख सांगितली होती आणि ती दिवाळीच्या आतली होती. म्हणजे परीक्षा व्हायच्या आधीच मी घरी, आणि हातात ही अक्षरं सोडून दुसरं काही नाही.

मग तो कंटेनर आला. दिवाळीला आठवडा असेल, माझ्या ब्रेकला दोनच दिवस. बंदरावर कुठेतरी पाण्यात उभा राहिला होता. उघडला तर आत सगळं दमट, खोक्यांवरची लेबलं सोलून खाली पडलेली, बारकोड लगदा झालेले. स्कॅनर काही घेईना. कुठल्या खोक्यात क्रीम, कुठल्यात बाटल्या, कुठलं आधीच फुटलेलं, काही कळायला मार्ग नाही. शाबूत होतं ते फक्त तिकडच्या पॅकिंगवाल्यांनी काळ्या मार्करने हाताने खरडलेलं. साहेबांनी मोबाइलचं भाषांतर लावून बघितलं. त्याने एका खोक्यावर 'आजोबा रागावले' असं सांगितलं आणि दुसऱ्यावर काहीच सांगितलं नाही. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आतल्या बाजूला नेट येत नाही, त्यामुळे फोटो जाईनात. फोन तेवढा कसाबसा लागायचा. चेन्नईला कंपनीचे एक कोरियन साहेब होते, ते फोनवर ओरडत होते, आमचे साहेब इकडून ओरडत होते. बाहेर गाड्यांची रांग लागलेली.

मी टेपगन खाली ठेवली आणि म्हणाले, "साहेब, मी वाचते."

"तुला येतं?"

"वाचता येतं. अर्थ नाही येत."

साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्याच नजरेने मी आजवर गुरुजींकडे बघत आले होते. पण दुसरा उपाय नव्हता. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

पहिलं खोकं. कुणीतरी घाईत लिहिलेलं. मी म्हटलं, "खु... रीम." तिकडून लगेच, "क्रीम! क्रीम! ओके, नेक्स्ट!" दुसरं झोपेतल्या माणसाचं. "सेम्फुल." "सॅम्पल! ओके!" तिसऱ्यावर मी अडकले. पहिलं अक्षर 'फा' लागलं, पुढचं लागेना. फोनवर साहेब थांबलेले, मागे आमचे साहेब, हमाल, पॅकिंगच्या बायका, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. आणि माझ्या तोंडून काय निघावं? चालीवर, डुलत, "साऽ स्याऽ, सॉऽ स्यॉऽ..." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण थांबता येईना. मग त्या कोरियन साहेबांनीच पुढचं म्हटलं, "सोऽ." आणि हसले. "सो" आणि खाली न. "फासोन," मी म्हणाले. "डॅमेज!" ते ओरडले, "डॅमेज, साइडला, साइडला! यू लर्न स्कूल?"

"यस सर," मी म्हटलं. "फर्स्ट स्टँडर्ड."

संध्याकाळपर्यंत अख्खा कंटेनर लागला. चौकोन आणि गोल यांत मी एकदाही चुकले नाही, कारण कोपऱ्यावर हात उचललेला मला दिसत होता. राग राग आला मला त्या माणसाचा. आधी सांगितलं असतं की हे असं उपयोगाला येतं, तर मी इतक्या रविवारी जीव जाळला नसता. पण त्यांनाही ते ठाऊक नव्हतंच. त्यांना नुसतं वाकडं अक्षर आवडायचं.

दिवाळीनंतर साहेबांनी मला कायम केलं, परीक्षा न घेताच. पेढे घेऊन गुरुजींकडे गेले. पेढ्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. बोर्डावर डाव्या, उजव्या, सगळ्या हातांनी लिहीत गेले आणि मी वाचत गेले, चाल न लावता. मग त्यांनी खडू ठेवला. बराच वेळ हातावरची पूड झटकत राहिले.

"कितीची ड्युटी उद्या?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर गुरुजी उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला. मी म्हटलं, "गुरुजी, कुठे?" तर ते शेअर रिक्षात शिरून बसले. मला नवऱ्याचं बोलणं आठवलं आणि सगळं कळलं. मी चौतीस वर्षांची बाई, कायम झाल्याचा पहिला दिवस, गेटवर सगळ्या बायका असणार. वाटेत ते दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होते, मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दूसुद्धा अडखळत. बाकीचे प्रवासी माझ्याकडे बघत होते. मी बाहेर बघत बसले.

गेटवर वॉचमनने अडवलं. "चाचा, कहाँ जाना है?"

"मला कुठे नाही जायचं," गुरुजी म्हणाले. "हिला जायचंय."

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी माझं मनगट धरलं. खडूने कोरडा पडलेला, खरखरीत हात. गोदामाच्या कमानीपर्यंत चालत नेलं, हळूहळू, पहिलीतल्या पोराच्या पावलाने. मला खूप लाज वाटत होती आणि हात काही मी सोडवून घेतला नाही. कमानीत थांबले. "चल, खिडकी. दुसरीचं दार आलं," म्हणाले, आणि हात सोडला.

मी वळून बघितलं. ते रस्त्याच्या कडेने चालत निघाले होते. नवऱ्याने सांगितलं होतं, तरी मी थांबले. आता बघतील, निदान रिक्षात बसताना बघतील. बसले. रिक्षा गेली. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच संताप आला. वॉचमनने विचारलं, "कौन थे, पिताजी?" मी म्हटलं, "नाही हो. पहिलीचे मास्तर."

पुढच्या रविवारी मी सवयीने आवरलं आणि गेले. अजून शिकायचं होतं मला. अर्थ आता ऑफिसात कळत होता, तर वाटलं गुरुजींनाच सांगावा, त्यांनाही बरं वाटेल. जिना चढले. आत चार-पाच नव्या पोरी होत्या. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, ओळख होती त्या नजरेत, नव्हती असं नाही, पण ते दारात येऊन आडवे उभे राहिले. "पहिलीचा वर्ग चालू आहे, बाई," म्हणाले. "तुम्हाला कोण हवंय?"

आजवर त्यांनी मला अहो-जाहो केलं नव्हतं. मला भयंकर राग आला. मी धाडधाड जिना उतरायला लागले. तेवढ्यात लाईट गेली. खालचे लूम थांबले, गल्ली गप्प झाली आणि वरून स्वच्छ ऐकू आलं, "खिडकी! दांडी सरळ काढ!"

मी चटकन वळून वर बघितलं. वरून एका कोवळ्या आवाजाने म्हटलं, "हो, गुरुजी."